विश्वचषकाच्या ३३ जणांत तिसरा हुकर हवाच का?

पुढचीफळी (धागाकर्ता)

२०२३च्या रग्बी विश्वचषकात प्रत्येक संघाला ३३ खेळाडू नेता आले. २०२७ला ऑस्ट्रेलियात २४ संघ असतील, पण विजेतेपदासाठी सामने सातच : गटात तीन आणि त्यापुढे चार बाद फेऱ्या. हाच ३३चा आकडा धरून माझा हिशोब असा : स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे आठ-आठ जण भिडून चेंडूसाठी ढकलतात तो) पुढच्या फळीत कडेचे प्रॉप ६ आणि मधले हुकर ३, त्यांच्यामागे लॉक ४, फ्लँकर आणि नंबर आठ मिळून ६. झाले १९ फॉरवर्ड. स्क्रममधून चेंडू काढणारे स्क्रमहाफ ३, त्यांच्याकडून चेंडू घेऊन खेळ चालवणारे फ्लायहाफ २, सेंटर ४, विंगर-फुलबॅक ५, म्हणजे १४ बॅक.

यादी जाहीर झाली की पहिली कुऱ्हाड तिसऱ्या हुकरवर पडते. "तो खेळणारच नाही, त्या जागी चार ठिकाणी खेळणारा फ्लँकर घ्या," असं म्हणतात. मला हे साफ चुकीचं वाटतं. सामन्याच्या २३ जणांत पुढच्या फळीच्या तिन्ही जागांना बदली खेळाडू लागतो, आणि कोण कुठे खेळू शकतो हे सामन्याआधी कळवावं लागतं. दोन्ही हुकर बाहेर गेले तर स्क्रममध्ये ढकलाढकली बंद होते. वर ज्याच्या जाण्याने ही वेळ आली त्याच्या जागी दुसरा येत नाही. उरलेला सामना एक माणूस कमी घेऊन खेळायचा, आणि स्क्रम हीच तुमची ताकद असेल तर तीही गेली.

बहुगुणी

सहमत नाही. तुमच्या नियमाला दक्षिण आफ्रिकेने २०२३ला उत्तर दिलंय. मूळ यादीत खास हुकर दोनच, माल्कम मार्क्स आणि बोंगी एम्बोनाम्बी. तिसरी सोय म्हणून डिऑन फूरी, जो फ्लँकरही खेळतो. मार्क्सचा गुडघा सरावात गेला, तेव्हा त्याच्या जागी हुकर न बोलावता हँड्रे पोलार्ड हा फ्लायहाफ बोलावला. इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ७८व्या मिनिटाला त्याच्याच पेनल्टीने १६-१५ झालं. अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध १२-११, आणि ते बाराच्या बारा गुण पोलार्डचे. ती जागा तिसऱ्या हुकरला दिली असती तर चषक आला असता का, सांगा.

पुढचीफळी

त्याच अंतिम सामन्याचं तिसरं मिनिट आठवा. एम्बोनाम्बी जखमी होऊन बाहेर, आणि ३७ वर्षांचा फूरी उरलेला सगळा वेळ हुकर. त्यानंतर आफ्रिकेच्या लाइनआउटचं (चेंडू बाहेर गेल्यावर हुकर तो दोन रांगांच्या मधे फेकतो ते) काय झालं ते पाहा. फेकी बिघडल्या, आणि ज्या मॉलवर (चेंडू धरलेल्याला बिलगून पुढे रेटणारा घोळका) त्यांचा जीव, तो मॉल उभाच राहीना. वाचले ते बचावामुळे. शिवाय सॅम केनला लाल कार्ड मिळाल्याने समोरचा संघ बराच वेळ १४ जणांचा होता. एका गुणाने जिंकलेल्या जुगाराला पद्धत म्हणू नका.

लाइनआउटची फेक हे अर्धवेळ काम नाही. चेंडू किमान ५ मीटर जायला हवा, मागच्या उडी मारणाऱ्यासाठी १५ मीटरच्या रेषेजवळ पोचवावा लागतो, आणि दोन्ही रांगांच्या मधोमध. उचलणारे दोघे आधी हलतात, उडी वर पोचते, आणि त्या क्षणी चेंडू तिथे हवा. अर्धा सेकंद उशीर झाला की समोरचा हात मध्ये येतो. पुढच्या उडीसाठी सपाट आणि जोरात, मागच्यासाठी उंच कमान. वारा असेल तर ही कमानच पहिली फसते.

दहानंबर

दोघांनाही : खरा प्रश्न फ्लायहाफचा आहे. २०११ला न्यूझीलंडचे तीन फ्लायहाफ एकामागून एक गेले. डॅन कार्टर सरावात, कॉलिन स्लेड उपांत्यपूर्व सामन्यात, ॲरन क्रूडन थेट अंतिम सामन्यात. मग चौथ्या स्टीवन डोनाल्डच्या पेनल्टीने फ्रान्सविरुद्ध ८-७. दोनवर थांबणं मला पटत नाही.

बहुगुणी

म्हणूनच म्हणतो, दुहेरी कामाची माणसं घ्या. आफ्रिकेने चार स्क्रमहाफ नेले तेव्हा लोकांना उधळपट्टी वाटली. पण ग्रँट विल्यम्सला रोमानियाविरुद्ध विंगवर खेळवला, आणि फाफ दी क्लर्क गरज पडली तर फ्लायहाफ. अंतिम सामन्याला बेंचवर सात फॉरवर्ड आणि एकच बॅक ठेवता आला, कारण क्वागा स्मिथसारखा सेव्हन्समधून (सात जणांच्या रग्बीतून) आलेला फॉरवर्ड बॅकमध्येही धावू शकतो. खेळाडूंची संख्या मोजू नका, झाकलेल्या जागा मोजा.

टाइटहेड

झाकलेल्या जागा मोजताना प्रॉपमध्ये घोळ होतो. लूजहेडची, म्हणजे डाव्या प्रॉपची, एक बाजू मोकळी असते. टाइटहेडच्या, म्हणजे उजव्या प्रॉपच्या, दोन्ही खांद्यांवर समोरचे दोघे येतात, मान आणि कंबर सरळ ठेवून तो भार पेलायचा असतो. ट्रेवर न्याकानेसारखे दोन्हीकडे खेळणारे फार थोडे. कागदावर 'प्रॉप ५' लिहिलं आणि त्यात खरे टाइटहेड दोनच असले, तर एक जखमी होताच उरलेल्याला ८० मिनिटं ओढावं लागतं. साठाव्या मिनिटानंतर स्क्रम खचतो आणि पेनल्ट्या सुरू होतात.

फिजिओनजर

तुम्ही सगळे मोठी दुखापत धरून बोलताय. ती उलट सोपी असते : खेळाडू घरी, बदली आत. त्रास होतो तो दहा-बारा दिवसांच्या दुखापतीचा. घरी पाठवला तर तो स्पर्धेत परत येत नाही, ठेवला तर जागा अडते. डोक्याला मार बसला तर किमान आठवडाभर बाहेर, म्हणजे एखादा सामना गेलाच. २०२३ला ऑस्ट्रेलियाचे टानिएला टुपू आणि कर्णधार विल स्केल्टन फिजी सामन्याआधी सरावात जखमी झाले. फिजीकडून २२-१५, वेल्सकडून ४०-६ हार, दोन्ही सामन्यांत ते नव्हते. आणि संघ पहिल्यांदाच गटातच बाद.

आणखी एक. सरावात पुरे स्क्रम लावायचे तर दोन्ही बाजूंना एकेक हुकर लागतो. दोनच असले आणि एकाची पोटरी धरली, तर आठवडाभर खरा स्क्रम नाही, किंवा उरलेल्यावर दुप्पट भार. तिसरा हुकर शनिवारी खेळत नसेल, पण मंगळवारचा सराव त्याच्यामुळे होतो.

बहुगुणी

सरावाचा मुद्दा बिनतोड आहे, मी धरला नव्हता. तरी माझं म्हणणं सोडत नाही : तो तिसरा माणूस फूरीसारखा असावा, निव्वळ हुकर नको.

पुढचीफळी

चालेल, पण एका अटीवर. यादीआधीच्या सराव सामन्यांत त्याला शेवटची वीस मिनिटं हुकर म्हणून उतरवा, तेही आधी तासभर फ्लँकर म्हणून टॅकल करून दमल्यावर. मागच्या उडीच्या फेकी तेव्हा सरळ गेल्या तर ती जागा त्याची. सकाळच्या ताज्या खांद्याने मैदानाच्या कडेला मारलेल्या पन्नास फेकी मी धरणार नाही.

दहानंबर

मग सहावा प्रॉप कापून तिसरा फ्लायहाफ घ्या.

टाइटहेड

कापा, पण लूजहेड कापा.