बेस्टच्या भाडेतत्त्वावरील बस : स्पर्धा कुणाची, भुर्दंड कुणाला?

टपालहशील : ‘बेस्ट संपूर्णपणे कंत्राटदारांकडे सोपवा, स्पर्धेने सेवा आपोआप सुधारेल’ हे येथील कालचे विधान वाचून राहवले नाही. स्पर्धा असते ती निविदा उघडेपर्यंतच. मुंबईत बस चालवणाऱ्या बेस्ट उपक्रमाच्या या भाडेतत्त्वात बस, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची, तिकिटाचे पैसे उपक्रमाचे, आणि कंत्राटदाराला मिळतो तो प्रति किलोमीटर दर. त्यामुळे थांब्यावर चार माणसे ताटकळली काय अन् चाळीस काय, त्याला सोयरसुतक नसते. दर परवडेनासा झाला की तो गाशा गुंडाळतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारवाढीसाठी काम बंद केले, तेव्हा हाल प्रवाशांचेच झाले.

मुक्तछंद : त्या विधानाचा धनी मीच. लंडनमध्ये १९८५ पासून बसमार्ग निविदेने दिले जातात. भाडे आणि वेळापत्रक सार्वजनिक यंत्रणा ठरवते, वक्तशीरपणा ढळला तर कंत्राटदाराचे पैसे कापते. दोष करार लिहिणाऱ्यांचा आहे, बाजाराचा नव्हे. २०१९ नंतर माझी आई गुडघेदुखी सांभाळत सहा रुपयांत वातानुकूलित बसने रुग्णालयात जाऊ लागली, हे आपण सोयीस्करपणे विसरता.

मीटरवाचक : सहा रुपयांचे जाऊ द्या, त्याआधीची बस कुणाच्या जिवावर चालत होती? बेस्ट शहर भागात वीजही पुरवते; तिच्या परिवहन विभागाची तूट भरून काढण्यासाठी शहर भागातील आम्ही वीजग्राहकांनी कैक वर्षे बिलातून अधिभार भरला आहे!

टपालहशील : आपल्या कार्यालयातील शिपाई त्याच बसने येतो, म्हणून आपली कचेरी वेळेवर उघडते. एवढ्याशा अधिभाराचे रडगाणे किती दिवस गाणार?

मीटरवाचक : रडगाणे कसले? उपनगरांतील लाखो लोक त्याच बसने फिरत होते, पण त्यांची वीज दुसऱ्या कंपन्यांची, म्हणून त्यांना अधिभार नाही. बस ही सार्वजनिक सेवा असेल तर पालिकेने उघडपणे करातून अनुदान द्यायला हवे होते. विजेच्या बिलाआडून वसुली कशाला केली? उपदेश करण्यापूर्वी एकदा ते जुने बिल तरी वाचावे.

आगारशेजारी : बिले पुरे झाली. माझा धाकटा भाऊ एका कंत्राटदाराकडे चालक होता. पगारचिठ्ठीत भविष्य निर्वाह निधीची कपात दिसे, खात्यात मात्र रक्कम जमा होत नसे. विचारले की उत्तर ठरलेले, ‘वरून पैसे आले नाहीत.’ डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात भाडेतत्त्वावरील बसखाली माणसे चिरडली गेली, तेव्हा कुठे चालकांच्या प्रशिक्षणाची सर्वांना आठवण झाली. प्रति किलोमीटर सर्वांत कमी दर भरणारा कात्री नेमकी कुठे लावतो, हे लंडनला न जाताही कळते.

मुक्तछंद : बरे, करारात पगाराची तारीख आणि प्रशिक्षणाचे तासही लिहावे लागतात, एवढे मान्य, घ्या, जिंकलात. पण मे २०२५ मध्ये साध्या बसचे किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले, तेही कंत्राटदाराने केले काय?

टपालहशील : नाही, ते उपक्रमानेच केले. आता त्या वाढीव पैशातून स्वतःच्या मालकीच्या किती बस येतात तेवढे दाखवा, मग पुढे बोलू.