नाटकातल्या बंदुकीसाठी मदत पाहिजे: १२ बोर, घोडा, चाप, पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच)

वैनगंगाकाठचा:
नमस्कार मंडळी. मी आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीसाठी नाटक लिहून राहिलो, मंडईच्या जत्रेआधी वडस्याच्या एका नाटक कंपनीले द्यायचं आहे. गोष्ट अशी की धानाचं वावर, रानडुकरांचा त्रास, घरात परवान्याची बंदूक, अन् बांधाच्या भांडणात लहान्या भावाच्या हातून मोठा भाऊ मरते. दुसरा अंक सगळा कोर्टात. वाचनाले एक रिटायर फौजी काका आले होते, ते पहिल्याच पानावर थांबले. माझं वाक्य होतं, "त्यानं १२ एमएमची रायफल उचलली, घोडा दाबला, गोळी सुटली अन् पुंगळी उडून बांधावर पडली." काका म्हणाले, पोरा या एका वाक्यात पाच चुका आहेत. पण त्यांची एसटी होती, ते गेले अन् मी तसाच बसलो. मी आयुष्यात बंदूक हातात घेतली नाही, जे काय माहीत ते मालिका पाहून अन् रहस्यकथा वाचून. पण झाडीपट्टीत समोर बसलेल्या माणसानं ठासणीची बंदूक पाहिलेली असते, जंगलातला बार ऐकलेला असते, त्याच्यापुढं खोटं नको वाटते. अन् कोर्टात तज्ज्ञ येऊन गोळीवरच्या खुणांवरून बंदूक ओळखते, त्याच्यावर अख्खा अंक उभा आहे. कोणी नीट समजावून सांगन का?

पुलगावचा जुना जवान:
भाऊ, विचारलं हे लय चांगलं केलं, लिहिणारे विचारतच नाहीत. एकेक घेतो. १२ बोरचा अन् १२ एमएमचा काही संबंध नाही. एक पौंड शिसं घ्या, त्याच्या सारख्या १२ गोळ्या पाडा, त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसन ती १२ बोर. नळी जवळपास साडेअठरा एमएमची होते. म्हणून १६ बोर ही १२ बोरपेक्षा बारीक असते, आकडा वाढला की नळी लहान. पिस्तुलाचं ९ एमएम मात्र खरंच मिलिमीटरमधलं माप आहे, तिथूनच लोक गोंधळतात.

रायफल तर ती नाहीच. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, त्यानं गोळी गरगर फिरत निघते अन् सरळ जाते. १२ बोरची नळी आतून गुळगुळीत. तिले बंदूकच म्हणा, दोन नळ्या असल्या तर दुनळी.

अन् घोडा दाबत नसतात. घोडा वरच्या अंगाले असते, तो अंगठ्यानं मागं ओढून चढवायचा. बोटानं ओढतो तो चाप. चाप ओढला की घोडा पडते, पिन टोपीवर (काडतुसाच्या बुडातली, ठिणगी पाडणारी) बसते अन् बार होते. मुंबईकडच्या गुन्हेगारी गोष्टींत पिस्तुलालेच घोडा म्हणतात, ती तिथली बोली आहे, तुमच्या धानाच्या बांधावर ती कुठून येणार.

मालिकांचं तर बोलूच नका. हवालदार ३०३ रायफलमधून धडाधड पाच बार काढते अन् एकदाही बोल्ट मागं घेत नाही. ३०३ ले दर राऊंडले बोल्ट मारावाच लागते, तिची मॅगझिन १० ची. एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, तिच्यातून पिचकारीसारखा फायर दाखवतात, सेल्फ लोडिंग म्हणजे पुढचा राऊंड आपोआप नळीत येते एवढंच, चाप दर वेळी ओढायचाच. एके ४७ मिनिटाले ६०० च्या वेगानं चालते, म्हणजे ३० ची मॅगझिन ३ सेकंदात खाली, अन् यांचा व्हिलन दोन मिनिटं थांबतच नाही. रिव्हॉल्वर हातात धरून "मॅगझिन संपली" म्हणणारा इन्स्पेक्टर मी सोता पाहिला. रिव्हॉल्वरले मॅगझिन नसते, फिरतं चक्कर असते, त्यातच गोळ्या. अन् त्यातून पुंगळ्या उडत नाहीत, बार झाल्यावर चक्करमध्येच राहतात, चक्कर उघडून काढा लागतात.

तुरीचं वावर:
दादा, पुंगळीचं मी सांगते, माह्या बाबांजवळ परवान्याची दुनळी होती. इलेक्शन आलं की ठाण्यात जमा करायची, पावती आणायची, निकालानंतर सोडवून आणायची, हे लहानपणापासून पाहिलं. तर ती पुंगळी उडत वगैरे नाही. बंदूक मधातून मोडली की पुंगळी जराशी वर येते, मंग नखानं धरून ओढून काढायची. लाल पुठ्ठ्याची, बूड पितळेचं, हाताले कोमट लागायची अन् आत जळक्या दारूचा वास. बाबा त्या खिशात टाकून घरी आणत, मी त्यात चिंचोके भरून खेळायची. बांधावर पुंगळी पडली असं लिहायचं असन तर ती कोणीतरी हातानं काढून टाकली पाहिजे.

अन् "गोळी" नका लिहू, छर्रे लिहा. पाखराच्या काडतुसात बारीक दाणे असतात, एल.जी. च्या काडतुसात मोठे अन् मोजके. आमच्या घरी कोणीच "गोळी झाडली" म्हणत नव्हतं, "बार काढला" म्हणत. डुकरं आली की बाबा हवेतच बार काढत, परवानगी नसताना जनावरावर बार टाकला तर १९७२ चा वन्यजीव कायदा लागते हे त्यांले पक्कं माहीत होतं.

इंद्रावतीपल्याड:
ताईंनी दुनळीचं सांगितलं, पण आमच्या गडचिरोलीकडं वावर राखायची बंदूक म्हटलं की भरमार, तीच तुमची ठासणी. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखायसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. नळीच्या तोंडातून दारू वता, चिंधी घाला, छर्रे घाला, गजानं ठासा, मागून टोपी चढवा, तेव्हा एक बार. दुसऱ्या बाराले पुन्हा पहिल्यापासून. तिले पुंगळी नसतेच. एका कथेत नायक भरमारीतून लागोपाठ तीन गोळ्या मारते असं वाचलं अन् पुढं वाचवलंच नाही, कारण ठासणीवाल्या माणसाचा सगळा जीव त्या एका बारात असते. बार चुकला तर जनावर अंगावर येईपर्यंत त्याच्या हातात नुसता लोखंडी दांडा. लिहिणाऱ्यानं तेच सोडून दिलं. तुम्ही नाटकात भरमार घ्या का दुनळी, पण आधी ठरवा, त्यावर पुढचं सगळं बदलते.

वनमजूर:
थोडा वेगळा मुद्दा पण राहवत नाही. वाघाले बेशुद्ध करायच्या बंदुकीतून "बेशुद्धीची गोळी" निघत नाही. तो डार्ट असते, म्हणजे मागं रंगीत शेपटी लावलेली सुईच. अन् सुई लागली की वाघ धपकन पडत नाही, औषध चढायले मिनिटं लागतात, तेवढ्यात तो झुडपात शिरते अन् माणसं दम धरून उभी राहतात. टीव्हीवर तो त्याच पावलावर झोपते. पांढरकवड्याची टी-१ वाघीण मारली त्या वेळी, २०१८ मध्ये, डार्ट मारला का गोळी मारली यावरच केवढा वाद झाला होता. शब्दांची सरमिसळ केली तर तो वाद काय होता हेच लोकांले कळत नाही.

पुलगावचा जुना जवान:
आता तुमच्या कोर्टाचं. गोळीवर खुणा उमटतात त्या रायफलच्या खाचांच्या. गुळगुळीत नळीतून निघालेल्या छर्ऱ्यांवर तसल्या खुणा नसतात, म्हणून तुमचा तज्ज्ञ छर्रे पाहून ती बंदूक ओळखूच शकत नाही. पण घाबरू नका. जी पिन टोपीवर बसते तिचा ठसा पुंगळीच्या बुडावर राहते. तज्ज्ञाच्या हातात पुंगळी द्या. आणखी एक, काडतुसात छर्ऱ्यांच्या मागं डाट, म्हणजे दारू अन् छर्रे वेगळे ठेवणारं बूच, असते. बार जवळून काढला असन तर ती डाट जखमेत सापडते, म्हणजे किती जवळून मारलं हेही कोर्टात निघन.

वैनगंगाकाठचा:
काका, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. दुनळीच घेतो. रात्रभर विचार केला अन् एक गोष्ट लक्षात आली. पुंगळी आपोआप उडत नसन अन् तरी बांधावर सापडली, तर लहान्या भावानं बार झाल्यावर बंदूक मोडली, पुंगळी काढली, म्हणजे त्याले नवं काडतूस भरायचं होतं. मोठा भाऊ पडलेला असताना. मी तर ते भांडणात चुकून झालेलं दाखवत होतो. सरकारी वकील हाच प्रश्न विचारन, "पुंगळी कोणी काढली?" पण दोन नळ्या आहेत, कोणत्या नळीचा बार लागला हे पुंगळीवरून कळते का? कारण दुसऱ्या नळीत काडतूस तसंच असन तर मंग पुंगळी काढायची गरजच काय होती?

पुलगावचा जुना जवान:
कळते. दोन नळ्यांच्या दोन पिना, दोन्हीचा ठसा वेगळा. डावी का उजवी तेही तज्ज्ञ सांगू शकते. अन् दुसऱ्या नळीत न फुटलेलं काडतूस मिळालं, त्याच्या टोपीवर पिनेचा ठोका आहे पण बार झाला नाही, असं लिहा. होते असं, काडतूस सादळलं की. म्हणजे त्यानं दुसरा चापही ओढला होता. पहिली पुंगळी काढली, नवं भरायले गेला, तेवढ्यात कोणीतरी येऊन धरलं.

तुरीचं वावर:
हो, पावसाळ्यानंतर सादळतात. बाबा काडतुसं चुलीच्या वरच्या फळीवर डब्यात ठेवत. तुमच्या नाटकात तो डबा पहिल्या अंकातच दाखवा, अन् मोठ्या भावाच्या बायकोनं तो खाली ओसरीत आणून ठेवला असं करा.

वैनगंगाकाठचा:
ताई, पहिला अंक पुन्हा लिहायले घेतला.