दुःखात असताना आनंदी गाणं सुचलं, ते लोकांसमोर आणू का? (नाईटबर्ड ऐकून पडलेला प्रश्न)

गिटार_नाशिक
नमस्कार मंडळी, मी स्वतः गाणी लिहून चाली लावते, यूट्यूबवर थोडीफार टाकलीयेत. बाबा गेले, अजून वर्षश्राद्ध व्हायचंय. मधे काहीच सुचत नव्हतं आणि आता सुचलं तर चक्क ठेका धरावा असं, बाबांच्या स्कूटरवरून गावभर फिरण्याबद्दल, त्यात रडणं कुठेच नाही. आत्या म्हणाली इतक्यात असलं गाणं टाकलंस तर लोक काय म्हणतील. तेव्हापासून नाईटबर्डचं 'इट्स ओके' सारखं ऐकतेय. नाईटबर्ड म्हणजे गायिका जेन मार्चेव्स्की, अमेरिकेतल्या ओहायोची, 2021 ला अमेरिकाज गॉट टॅलेंट या टीव्ही स्पर्धेत आलेली ती. फुफ्फुसं, मणका, लिव्हर सगळीकडे कॅन्सर आहे हे हसत सांगितलं आणि गायली. तिचा आनंद खोटा का वाटत नाही? आणि माझा वाटेल का?

मुखडा_अंतरा
छान प्रश्न. गाणं स्वतःच्या गेल्या वर्षाबद्दल आहे असं ती सांगते आणि तरी अख्ख्या गाण्यात आजाराचा शब्द नाही बघ. कॅलिफोर्नियाला गेले, नाव बदललं, वाटलं कटकटी मागे राहतील, त्या काही राहिल्या नाहीत, एवढंच. आणि मुखडा काय म्हणतो, तर हरवला असाल तरी चालेल, आपण सगळेच थोडे हरवलोय. पुढे सगळं छान होईल असं वचन ती कुठेच देत नाही, मला वाटतं म्हणूनच ते खरं वाटतं. तुझ्या गाण्यात बाबा आता नाहीत हे एका तरी ओळीत कळतं का? कळत असेल तर बाकी गाणं खुशाल नाचू दे.

विदर्भकन्या
ताई, मी ब्रेस्ट कॅन्सरच्या ट्रीटमेंटमधून गेलेय म्हणून लिहितेय. केमो चालू असताना घरी येणारा प्रत्येक माणूस दारातच आवाज खाली आणायचा, माझ्याशी बोलायला आजार सोडून दुसरा विषयच उरला नव्हता कुणाकडे. जेन स्टेजवर म्हणाली की माझ्याबाबतीत जे वाईट घडलं त्यापेक्षा मी खूप जास्त काही आहे, ते ऐकून मी ढसाढसा रडले होते, बरं वाटून. जगण्याची शक्यता 2 टक्के आहे, पण 2 टक्के म्हणजे शून्य नाही, हेही तिचंच. आणि आयुष्य सोपं होईपर्यंत आनंदी व्हायचं थांबता येत नाही, हे तर मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं. तुझे बाबा म्हणजे फक्त त्यांचं जाणं नाही गं, स्कूटर चालवणारे बाबाही तेवढेच खरे आहेत. टाक तू गाणं.

रात्रपाळी
वरच्या दोघांशी सहमत, फक्त एक सांगायचंय. तिची ती क्लिप लोक आजारी माणसाला पाठवतात आणि खाली लिहितात बघ असं हसायचं असतं, ते मला अजिबात पटत नाही. जेनने ब्लॉगवर बाथरूमच्या फरशीवर पडून काढलेल्या रात्रींबद्दल लिहिलंय, देवाशी भांडल्याचं लिहिलंय, लग्नही मोडलं होतं तिचं. परीक्षक सायमन कॉवेलने गोल्डन बझर दाबला, म्हणजे मधल्या फेऱ्या वगळून ती थेट लाइव्ह शोजमध्ये जाणार होती, पण तब्येत बिघडली म्हणून ऑगस्टमध्येच माघार घ्यावी लागली आणि 19 फेब्रुवारी 2022 ला ती गेली, वय 31. आनंदाने ती बरी झाली नाही आणि तसा दावाही तिने केला नव्हता. तर रडकं गाणं सुचलं तर तेही लिही, आनंदी लिहिलं म्हणून आता कायम हसतच राहायचं असं नाही. आणि नेटवर टाकायच्या आधी आईला ऐकव, लोकांचं नंतर बघू.

गिटार_नाशिक
सगळ्यांना मनापासून थँक्यू. दुसऱ्या अंतऱ्यात एक ओळ होती, मागच्या सीटवरचं हेल्मेट आता खुंटीला असतं अशी, मूड जातो म्हणून काढली होती, ती परत घालतेय. रविवारी आई आणि आत्या दोघींना ऐकवते. अजून एक विचारायचंय, व्हिडिओच्या खाली बाबांबद्दल लिहू का नको?

मुखडा_अंतरा
लिही, पण एकदोन ओळीच आणि टायटलमध्ये नको. जेननेही आपणहून आजारापासून सुरुवात केली नव्हती, परीक्षकांनी काम काय करतेस विचारलं तेव्हा कुठे तिने सांगितलं की कॅन्सरमुळे काही वर्षं काम करता आलं नाही. आधी गाणं ऐकू दे लोकांना. आणि त्या हेल्मेटच्या ओळीला लय मुद्दाम संथ करू नकोस, ठेका तसाच चालू ठेव, ओळ आपोआप लागेल. आईने हो म्हटलं की लिंक इथेच टाक.