मदत हवी आहे: कुत्र्याला व्हॅली फीवर झालाय, आणि ऑक्टोबरमध्ये बाबा ॲरिझोनाला येताहेत

मंडळी, मी फीनिक्सजवळ चँडलरला राहते. आमचा बंड्या, वय 5 वर्षं, मे महिन्यात उजवा पुढचा पाय उचलून चालायला लागला. आधी वाटलं काटा रुतला असेल, इथे निवडुंगाचे काटे नेहमीचेच. भिंग घेऊन बोटांच्या बेचक्या तपासल्या, काही सापडलं नाही. मग खाणं कमी झालं, रात्री कोरडा खोकला सुरू झाला. एक्स-रेमध्ये मनगटाच्या वरचं हाड कुरतडल्यासारखं दिसलं. डॉक्टर म्हणाल्या, हाडाचा कॅन्सर असेल किंवा व्हॅली फीवर, म्हणजे इथल्या मातीतल्या बुरशीचा आजार, फोटोत दोन्ही असेच दिसू शकतात. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. टायटर, म्हणजे रक्तातल्या या बुरशीविरुद्धच्या प्रतिपिंडांचं प्रमाण, 1:64 आला, म्हणजे व्हॅली फीवर. फोन ठेवला आणि मी बंड्याच्या मानेत तोंड खुपसून रडले.

आता दोन महिने फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध चालू आहे, दिवसातून दोनदा. भाकरीच्या गोळ्यात गोळी दाबून देते. लंगडणं कमी झालंय, पण भूक अजून परतलेली नाही. ज्यांच्या कुत्र्याच्या हाडात हे शिरलं होतं, त्यांना औषध किती दिवस द्यावं लागलं?

खरी काळजी बाबांची आहे. ते 71 वर्षांचे, मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड घेतात. सांगली जिल्ह्यात सगळं आयुष्य शेतीत गेलं. माती हातात कुस्करून तिचा वास घेतल्याशिवाय त्यांना जमिनीची ओळखच पटत नाही. मागच्या खेपेला मागच्या अंगणात त्यांनी कुदळीने वाफे काढले, मेथी लावली, आणि आम्ही कौतुकाने फोटो काढत उभे होतो. हा आजार नेमका तिथूनच येतो. कॉक्सिडिऑइड्स नावाची बुरशी इथल्या जमिनीत राहते. पावसाच्या ओलीवर वाढते, जमीन वाळली की तिच्या धाग्यांचे बारीक तुकडे पडतात आणि धुळीबरोबर श्वासात जातात.

बाबा म्हणतात, "मातीनं कुणी आजारी पडतं होय गं?" मी त्यांना कॅलिफोर्नियातल्या जानेवारी 1994 च्या नॉर्थरिज भूकंपाचं सांगितलं. दरडी कोसळून धुळीचे लोट उठले आणि व्हेंचुरा परगण्यात 203 जणांना व्हॅली फीवर झाला, 3 दगावले. त्याच्या चारच महिने आधी किल्लारी झालं होतं, बाबा तेव्हा ढिगारे उपसायला गेले होते. ते गप्प झाले. मग विचारलं, "म्हणजे म्युकरसारखंच का?" 2021 मध्ये आमच्या शेजारच्या काकांचा डोळा म्युकरने गेला, ती भीती त्यांच्या मनात आहे.

त्यांना येऊ द्यावं का? आणि परत गेल्यावर खोकला लागला तर गावाकडच्या डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं?

वाळवंटी_पाऊस: ताई, मी टूसॉनला. आमच्या लॅब्राला 14 महिने औषध चाललं, त्याच्याही हाडातच होतं. टायटर उतरला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. भूक नसेल तर यकृताची तपासणी करून घ्या, आमच्याकडे त्यासाठीच डोस बदलावा लागला. बंड्याचा खोकला बाबांना लागणार नाही, हा आजार श्वासातून एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. कुत्र्यांसाठी इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ ॲरिझोनात लस तयार केली आहे. बुरशीतलं सीपीएस1 नावाचं जनुक काढून टाकलं की ती जिवंत राहते, पण आजार करू शकत नाही. हे जनुक आधी मक्यावर करपा आणणाऱ्या बुरशीत सापडलं होतं. बाबांना हे नक्की सांगा, शेतकऱ्याला पटकन कळेल.

छातीचा_डॉक्टर: पुण्यात छातीचे विकार बघतो. म्युकर वेगळं, ते बहुतेक वेळा नाकाच्या पोकळ्यांतून डोळ्याकडे सरकतं आणि दिवसांत हानी करतं. व्हॅली फीवर मुख्यतः फुप्फुसाचा, आणि बऱ्याच जणांना तर झालेला कळतही नाही. पण वय आणि मधुमेह असताना तो गंभीर व्हायची शक्यता वाढते, म्हणून साखर आटोक्यात आणूनच पाठवा.

परत आल्यावर ताप, खोकला, वजन घटणं, फुप्फुसावर डाग असं दिसलं की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा येतो, आणि तो येणं योग्यच आहे. सीबीनॅट (टीबीची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह आलं तरी टीबीची औषधं सुरू होतात, तिथे घोटाळा होतो. पहिल्याच भेटीत "मी ॲरिझोनात इतके महिने होतो" हे सांगायला लावा. स्टेरॉइड सुरू होण्याआधी तर नक्कीच. लॅबलाही कळवायचं, कारण ही बुरशी प्लेटवर वाढवली की तिचे कण हवेत उडतात आणि तिथे काम करणाऱ्यांना लागण होऊ शकते. आणखी एक, फ्लुकोनाझोल देण्याची वेळ आलीच तर ग्लिमेपिराइडचा परिणाम वाढून साखर एकदम खाली येऊ शकते. दोन्ही औषधं एकाच डॉक्टरांच्या नजरेखाली हवीत.

वाळवंटी_पाऊस: ॲरिझोनात जून-जुलै आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे याचे जोराचे दिवस. तारीख पुढे ढकलता आली तर बघा.

मूळ लेखिका: दोघांचेही मनापासून आभार. लॅबचा मुद्दा माझ्या ध्यानीमनी नव्हता. तिकीट फेब्रुवारीचं करतोय. अंगणात कमरेइतक्या उंचीच्या लाकडी पेट्या आणि पिशवीतली ओली माती, कुदळ बंद. धुळीच्या दिवशी घरात, बाहेर जावंच लागलं तर एन-95. मक्याच्या करप्याचं सांगितल्यावर बाबांनी फोनवर ते तीनदा समजून घेतलं आणि मास्कला हो म्हणाले.

बंड्याची यकृताची तपासणी सोमवारी आहे. सांगली-मिरजेकडे असा रुग्ण प्रत्यक्ष पाहिलेले फिजिशियन कुणाच्या ओळखीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बाबा निघण्याआधी त्यांना एकदा भेटवून आणायचं आहे.