तगर अळ्यांनी बोडकी केलीय, काय करू?

नमस्कार मंडळी,

दारातली डबल तगर दहा दिवसांत अर्धी बोडकी झाली आहे. सहा वर्षांचं झाड, जमिनीत लावलेलं, माझ्या डोक्याच्या वर गेलेलं. आम्ही नाशिकला तळमजल्यावर राहतो. सकाळचं ऊन भरपूर, खत म्हणजे घरचं कंपोस्ट आणि अधूनमधून पेंड. आजवर या झाडाने कसलाच त्रास दिला नाही. श्रावणात सासूबाईंची परडी याच्यावरच भरते. आता शेंड्यांना नुसते देठ उरलेत आणि कळ्याही कुरतडल्यात.

आधी गोगलगायींवर संशय घेतला, कारण जुलैत झेंडूची रोपं त्यांनीच साफ केली होती. दोन रात्री टॉर्च घेऊन हिंडले, एक सापडली नाही. मग फरशीवर मिऱ्याएवढ्या काळपट लेंड्या दिसायला लागल्या. उंदराच्या असाव्यात म्हणून काडीने एक फोडली, तर आत चुरडलेला पाला. शेवटी लेंड्या पडल्या होत्या तिथेच बसून सरळ वर पाहिलं आणि दचकलेच. नाकापासून वीतभरावर एक अळी फांदीला उलटी लटकली होती. रंग अगदी पानाचा, करंगळीएवढी लांब आणि तिच्याहून जाड, अंगाच्या कडेने पांढरी रेघ, मागे छोटंसं पिवळट शिंग. काडी लावली तर तिने डोकं आत ओढलं आणि मानेवरचे दोन निळे डोळे वटारले! खरे डोळे नाहीत ते, नुसते ठिपके आहेत, हे नंतर कळलं. तेव्हा मात्र मी काडी टाकून दिली होती.

कडुलिंबाचं तेल लिटरला 5 मिली, भांड्यांच्या साबणाचे थेंब घालून, चार दिवसांच्या अंतराने दोनदा फवारलं. मिलीबगला (पांढऱ्या पिठ्या ढेकणांना) या उपायाने नेहमी गुण येतो, इथे मात्र लेंड्या तेवढ्याच. शेजारच्या काकूंनी सांगितलेलं आंबट ताकही झालं. त्याने फक्त मुंग्या आल्या.

दिरांनी शेतावरून फवारणीची अर्धी उरलेली बाटली आणून दिली आहे. त्यावर पिवळा त्रिकोण आहे. सासूबाई म्हणतात, "देवाला विषाची फुलं घालायची नाहीत," आणि मलाही तेच वाटतंय. पण गणपती तीन आठवड्यांवर आलेत. विष न वापरता झाड वाचेल का? छाटणी आत्ता करू की नको? आणि हातमोजे घालून सात अळ्या वेचून बादलीत ठेवल्यात, त्यांचं काय करू? चिरडणं माझ्याच्याने होणार नाही.

प्रतिसाद १
ही डॅफ्निस नेरी, म्हणजे ओलिअँडर हॉक मॉथ या पतंगाची अळी. तगर, कण्हेर, सदाफुली या सगळ्या चीकवाल्या एका कुळातल्या, आणि हिला तिन्ही चालतात. तुमची सदाफुली असेल तर तीही बघून घ्या. पतंग दिसायला फार देखणा असतो, हिरव्या-गुलाबी नक्षीचा. तिन्हीसांजेला फुलांपुढे हवेत तरंगत मध पितो.
कडुलिंबाने अळी लगेच मरत नाही. तिची भूक मंदावते आणि कात टाकण्यात अडथळा येतो, म्हणून बारक्या अळ्यांवर उपयोग होतो. करंगळीएवढी झालेली अळी दाद देत नाही. तुम्ही लेंड्यांच्या रेषेत वर पाहिलंत, तीच खरी पद्धत. रोज सकाळी फरशी झाडायची आणि संध्याकाळी ताज्या लेंड्या कुठे पडल्यात ते बघायचं. अंडी सुटी सुटी असतात, टाचणीच्या डोक्याएवढी, फिकट हिरवी. कोवळी पानं उलटून बघा.
छाटणी आत्ता नको. पावसाळ्यात तगर आपोआप फुटते. आधीच पानं कमी, त्यात फांद्याही कापल्या तर गणपतीत एक फूल मिळणार नाही.

प्रतिसाद २
ती बाटली उघडूसुद्धा नका. आपल्याकडे कीटकनाशकांवर लाल त्रिकोण सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. 2017 साली यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, आणि ते उघड्या रानात होते. तुमचं झाड दारातच आहे, रोज फुलं हाताळली जातात. दिरांना बाटली परत द्या, मोरीत ओतू नका.

प्रतिसाद ३
फवारायचंच असेल तर बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा अळ्यांना मारणारा जिवाणू. ते अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं, म्हणून पानांच्या दोन्ही बाजू भिजवायच्या. उन्हाने उतरतं, तेव्हा संध्याकाळीच मारा. मात्र बीटीला आपल्या-परक्या अळ्या कळत नाहीत. जवळ कढीपत्ता असेल आणि त्यावरची फुलपाखरं हवी असतील तर फवारा तिकडे जाऊ देऊ नका. माझं मत विचाराल तर एका झाडाला अळ्या वेचून टाकायची बादली पुरे.
बादलीतल्या सात जणी कण्हेरीवर सोडा. हायवेच्या दुभाजकावर रांगच्या रांग असते.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. बाटली परत गेली. दुभाजकावर उतरायची हिंमत झाली नाही, पण पेट्रोलपंपामागे कण्हेरीचं कुंपण आहे, तिथे काल सहा जणी सोडल्या. नवरा स्कूटरवर बसून अनोळखी असल्यासारखा दुसरीकडे बघत होता.
सातवी रात्रीतून तपकिरी पडली आणि पानाला तोंड लावेना. सासूबाईंनीच बरणीत माती आणि वाळका पाला घालून तिला आत ठेवलं, वर मलमलीचं फडकं बांधलं. ती कोष करणार असेल ना?
आणि आज फरशीवर मोहरीएवढ्या लेंड्या आहेत. म्हणजे बारक्या अजून वर आहेत. पानं उलटून उलटून मान दुखली, तीनच मिळाल्या. बीटी थोडं कुठे मिळतं का, की एका झाडासाठी मोठं पाकीटच घ्यावं लागेल?