हार्पर्स फेरी: डोंगर ज्याचा, गाव त्याचं

अमेरिकेच्या उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्धातल्या हार्पर्स फेरीबद्दल ‘इतकं मोक्याचं गाव, मग कुणालाच टिकवता का आलं नाही?’ हा प्रश्न रास्त आहे. पोटोमॅक आणि शेनान्डोआचा संगम, बाल्टिमोर-ओहायो रेल्वेचा पूल, सरकारी बंदुकांचा कारखाना, सगळं खोलगटात आणि भोवती डोंगर! सप्टेंबर १८६२ मध्ये दक्षिणेचा सेनापती जॅक्सन याने उंचावर तोफा चढवल्या आणि उत्तरेचे १२,००० हून अधिक सैनिक शरण आले. कारखाना तर एप्रिल १८६१ मध्येच माघार घेताना उत्तरेच्या सैनिकांनी पेटवला होता. वाचलेली यंत्रं दक्षिणेने उचलून नेली. पुढे भांडण मुख्यतः रेल्वेचं. एकाने पूल पाडायचा, दुसऱ्याने बांधायचा, पुन्हा पाडायचा. गावकरी बिचारे कधीच पांगले होते.