हार्टफर्डच्या रिकाम्या खुर्च्यांचे पाप कोणाच्या माथी?

रॉकीहिलकर :
'निळी टोपी' यांनी काल असे लिहिले की, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या आपल्या हार्टफर्डचे लोक बर्फावरच्या हॉकीला लायकच नाहीत. मोठ्या लीगमधला व्हेलर्स संघ गाव सोडून गेल्याचे सुतक ते १९९७ पासून धरून बसले आहेत आणि त्यापायी घरच्या दुय्यम श्रेणीच्या वुल्फ पॅक संघाला त्यांनी पोरके केले. ते वाचून माझा सकाळचा चहा कडू झाला, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

सुतक धरायला कारण होते. १३ एप्रिल १९९७ रोजी व्हेलर्सनी टॅम्पा बेला २-१ असे हरवले आणि मालकांनी संघ उचलून नॉर्थ कॅरोलिनाला नेला. त्याच वर्षी न्यूयॉर्क रेंजर्सचा दुय्यम संघ बिंगहॅम्टनहून आणून वुल्फ पॅक या नावाने त्याच बर्फावर उतरवण्यात आला. ज्या न्यूयॉर्कला हरवण्यासाठी आपण घसा कोरडा करत होतो, त्याच न्यूयॉर्कसाठी पोरे घडवण्याचे काम आपल्या गावाला मिळाले आणि वर आपणच टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा! चौदा हजारांहून अधिक आसनांच्या त्या सभागृहात चार हजार माणसे बसली, तर लग्न लागून गेलेल्या मांडवासारखी कळा येते. उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर स्प्रिंगफील्डमध्ये थंडरबर्ड्स या तशाच दुय्यम संघाचे सभागृह जेमतेम ६,८०० आसनांचे आहे आणि २०१६ मध्ये तो संघ तिथल्याच व्यापारी मंडळींनी एकत्र येऊन उभा केला. तिथे प्रेक्षक लायक आणि अर्ध्या तासावर नालायक, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

निळी टोपी :
आपले उत्तर उत्तम मराठीत आहे, एवढे मान्य करतो. वुल्फ पॅकने २००० मध्ये दुय्यम लीगचा कॅल्डर चषक जिंकला, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत. व्हेलर्सनी अठरा वर्षांत मोठ्या लीगच्या स्टॅन्ली चषकाच्या अंतिम फेरीचे तोंडही पाहिले नाही आणि त्यांच्या शेवटच्या वर्षांत हेच सभागृह रोज भरत नव्हते, हेही आपण विसरलात. गेल्यावर बाप मोठा होतो, तसे हे आहे. २०१५ नंतर थेट २०२३ मध्ये संघ बाद फेरीत पोहोचला, त्याने आपल्या लाडक्या स्प्रिंगफील्डला घरी पाठवले, मग प्रॉव्हिडन्सलाही हरवले. तेव्हा मी पुढच्या आसनावर पाय टाकून सामना पाहत होतो, कारण पुढच्या आसनावर कोणी नव्हते. तेव्हा आपण कुठे होतात?

रॉकीहिलकर :
बुधवारी संध्याकाळी सात वाजता मी महामार्गावर अडकलेलो असतो आणि मुलांचा गृहपाठ व्हायचा असतो. एकदा हट्टाने गेलो, तर जवळच्या एका खासगी वाहनतळावर तिकिटापेक्षा जास्त पैसे मोजले आणि परत येऊन पाहतो तो माझ्या गाडीमागे दुसरी गाडी उभी. बाहेर पडायला मध्यरात्र झाली. यावर स्वतंत्रपणे लिहिण्यासारखे पुष्कळ आहे.

निळी टोपी :
कृपया लिहू नका.

सावंतवाडीची लेक :
दोघांच्या भांडणात माझा एक अनुभव सांगते. २०१९ च्या शरद ऋतूत माझ्या आठ वर्षांच्या मुलीला वुल्फ पॅकचा इगोर शेस्टरकिन हा गोलरक्षक इतका आवडला की, तिने दिवाणखान्यात सोफ्याच्या उशा पायाला बांधून गोल अडवायला सुरुवात केली. जानेवारी २०२० मध्ये रेंजर्सनी त्याला बोलावून घेतले आणि आमच्या घरी दोन दिवस जेवणावर बहिष्कार पडला. आज तीच मुलगी न्यूयॉर्कचा सामना लागला की, "याला मी आधी पाहिला" असे मैत्रिणींना ऐकवते. लेकीला सासरी पाठवताना डोळे भरतात आणि ऊरही भरून येतो, तसेच या संघाच्या प्रेक्षकाचे आहे. हे सुख ज्याला कळले, त्याला रिकाम्या खुर्च्या मोजायला वेळ मिळत नाही.

रॉकीहिलकर :
ताई, उपमा गोड आहे. पण लेक सणावाराला हौसेने माहेरी येते. इथे माहेरी परत येतो तो सासरी न टिकल्यामुळे पाठवलेला. शिवाय गोलरक्षक सोडून मैदानात उतरणाऱ्या अठरा खेळाडूंपैकी किमान तेरा नवोदित असले पाहिजेत, हा या दुय्यम लीगचाच नियम आहे. ऑक्टोबरमध्ये पाठ केलेली नावे मार्चमध्ये उपयोगाची राहत नाहीत. मॅट रेम्पीचेच पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला वर रेंजर्सकडे नेले आणि पहिलाच सामना मेटलाइफ स्टेडियमच्या उघड्या मैदानावर, अफाट गर्दीसमोर खेळवला. त्याला घडवणाऱ्या हार्टफर्डने तो दूरचित्रवाणीवर पाहिला.

देवमाशाची शेपटी :
मूळ दुखणे रंगाचे आहे आणि ते कोणी बोलत नाही. व्हेलर्सची ती हिरवी जर्सी एकदा नीट पाहा : खाली डब्ल्यू, वर देवमाशाची शेपटी आणि त्या दोहोंच्या मधल्या पोकळीत आपोआप उमटलेला हार्टफर्डचा एच. असे चिन्ह दुसऱ्या कोणत्याही गावाला लाभलेले नाही. त्याऐवजी आम्हाला वुल्फ पॅकचा लांडगा दिला आणि त्या लांडग्याचे नाव ठेवले सोनार! पाणबुडीवरच्या यंत्रावरून ते ठेवले, हे मला ठाऊक आहे, तरी माझ्या आईला मी आजतागायत समजावू शकलेलो नाही की सोनाराला शेपूट का आहे. शहरातल्या यार्ड गोट्स या बेसबॉल संघाकडे बघा. तोही दुय्यम श्रेणीचाच, त्याचेही खेळाडू वर जातात. पण त्याने व्हेलर्सचा हिरवा-निळा रंग घेतला आणि २०१७ पासून त्याचे मैदान भरून वाहते. रंग परत द्या, माणसे परत येतील.

निळी टोपी :
रंग परत दिला होता, महाशय. व्हेलर्सचे संस्थापक हॉवर्ड बाल्डविन यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये या संघाचे नाव 'कनेटिकट व्हेल' केले, हिरवा रंग आणला, फेब्रुवारी २०११ मध्ये ईस्ट हार्टफर्डच्या रेंट्श्लर फील्डवर उघड्यावर सामनाही भरवला. २०१३ मध्ये सगळे गुंडाळून पुन्हा वुल्फ पॅक करावे लागले. हिरवे कपडे घालून गल्लोगल्ली फिरणारे तुम्ही लोक त्या तीन हिवाळ्यांत तिकीट खिडकीकडे का फिरकला नाहीत?

देवमाशाची शेपटी :
कारण अंगरखा हिरवा असला तरी आत कुडी रेंजर्सचीच होती! आणि "तुम्ही लोक" म्हणजे कोण? मी त्या उघड्यावरच्या सामन्याला दोन मोजे आणि तीन स्वेटर घालून बसलो होतो. तिकीट अजून जपून ठेवले आहे.

निळी टोपी :
म्हणजे नाव बदलले तरी नको, रंग बदलला तरी नको आणि न्यूयॉर्कचे तर नकोच. हा असला लग्नाळू मुलगा आयुष्यभर बिनलग्नाचा राहतो.

देवमाशाची शेपटी :
वैयक्तिक बोलू नका. २३ डिसेंबर २०१८ रोजी कॅरोलिनाने, म्हणजे आमच्याकडून उचलून नेलेल्या त्याच संघाने, बॉस्टनविरुद्ध आमचीच हिरवी जर्सी घातली आणि घरच्या मैदानावर मिरवली. चोराने चोरलेला शालू आपल्याच बायकोला नेसवावा आणि वर फोटो काढावेत, तशातला तो प्रकार. ज्याला हे झोंबत नाही, त्याने हार्टफर्डच्या प्रेक्षकांना शिकवायला येऊ नये.

मँचेस्टरचे आजोबा :
मी या कनेटिकट राज्यात १९७६ पासून राहतो, त्यामुळे थोडा अधिकार गाजवतो. १८ जानेवारी १९७८ रोजी पहाटे बर्फाच्या भाराने त्या सभागृहाचे छत खाली आले. आदल्या रात्री तिथे बास्केटबॉलचा सामना होता आणि हजारो माणसे काही तासांच्या फरकाने वाचली. पुढे १९८० पर्यंत व्हेलर्स स्प्रिंगफील्डला खेळले आणि आम्ही ९१ क्रमांकाच्या महामार्गाने बर्फातून त्यांच्यामागे जात राहिलो. मित्राच्या गाडीतला हीटर बंद होता. थर्मासमधला चहा एकमेकांच्या हातावर ओतून घेण्याची वेळ येत असे. आम्ही हे केले, कारण तो संघ आमचा होता आणि परत येणार होता. वुल्फ पॅकच्या खेळाविषयी माझी तक्रार नाही. केन गर्नँडर आधी कर्णधार म्हणून झिजला आणि मग २००७ पासून दहा हंगाम प्रशिक्षक म्हणून, त्याचा १२ क्रमांक छताखाली टांगलेला आहे आणि तो मान त्याचाच आहे. परंतु त्याच्यासारखा एखादाच इथे मुक्कामाला राहिला, बाकीचे धर्मशाळेतले प्रवासी. आता १४५ दशलक्ष डॉलर खर्चून सभागृह नवे केले आहे, बँकेचे नाव दिले आहे. छत पक्के झाले, इतके मी खात्रीने सांगतो.

सावंतवाडीची लेक :
आजोबा, धर्मशाळेतल्या प्रवाशाला पाणी विचारायचे नाही, असे तर आपल्याकडे नसते ना? हर्शी गावचा दुय्यम संघही वॉशिंग्टनच्या मोठ्या संघासाठीच पोरे घडवतो. तरी जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या प्रेक्षकांनी पहिला गोल होताच गरजू मुलांसाठी एक लाखाहून अधिक मऊ खेळणी बर्फावर फेकली. त्यांना वॉशिंग्टनचे जोखड आडवे आले नाही.

मँचेस्टरचे आजोबा :
हर्शीचा संघ १९३८ पासून या लीगमध्ये त्याच गावात त्याच नावाने आहे आणि तो गावातल्याच चॉकलेटवाल्यांच्या मालकीचा आहे. पाळणाघर घरचे असले की मुले कोणाची हे कोणी विचारत नाही. तरी तुमचा मुद्दा मी अर्धा मान्य करतो. उरलेल्या अर्ध्यासाठी मला शनिवारी कोणीतरी गाडीने न्यावे लागेल.

रॉकीहिलकर :
मी नेतो. मात्र त्या वाहनतळावर गाडी लावणार नाही.

निळी टोपी :
शनिवारची दोन जास्तीची तिकिटे माझ्याकडे आहेत, ती आपण दोघांनी घ्यावीत. ती का उरली हे इथे लिहिण्याची माझी इच्छा नव्हती. पण आजोबांनी ९१ क्रमांकाचा विषय काढलाच आहे, तर सांगतो. माझा मुलगा त्याच रात्री मित्रांबरोबर स्प्रिंगफील्डला सामना पाहायला जाणार आहे.